पीडीएफ पैसे मागतेय? मग तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात

गेल्या पावसाळ्यात भाची आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरी आली ती लॅपटॉप छातीशी धरूनच. चपला काढायच्या आत म्हणाली, ‘‘आत्या, चाळीस डॉलर मागतायत. तुझं कार्ड चालेल?’’ एम.ए.चा लघुप्रबंध, विषय बडोद्याचं विद्यापीठ कसं उभं राहिलं. ज्या एका शोधनिबंधाशिवाय पान हलत नव्हतं, तो पडद्यावर सारांशापुरता दिसत होता आणि खाली ‘विकत घ्या’चं बटण. कार्ड मी दिलं नाही. चहा होईपर्यंत तोच निबंध पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिच्यासमोर उघडला होता, फुकट आणि कायदेशीर.

यात जादू काही नाही. नियतकालिकांचे पैसे बहुतेक वेळा कुणीतरी आधीच भरलेले असतात: विद्यापीठानं, सरकारनं, कधी लेखकाच्या संस्थेनं. पण ते एका ठरावीक दारावर भरलेले असतात. गुगलवर शोधलं की आपण पोचतो प्रकाशकाच्या पुढच्या दारात, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही. पैसे भरलेलं दार कोणतं, ते शोधायचं. पुढे जे लिहिते आहे ते मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना तोंडी सांगत आले, त्याच क्रमानं.

आधी संदर्भ वाचायला शिका

अर्ध्या तक्रारींचं मूळ इथे असतं. भाचीच्या वहीत नुसतं ‘भगवान, रिबेल अकॅडमी, २००२’ असं खरडलेलं होतं. पूर्ण संदर्भ असा: मनु भगवान, ‘द रिबेल अकॅडमी: मॉडर्निटी अँड द मूव्हमेंट फॉर अ युनिव्हर्सिटी इन प्रिन्सली बडोदा, १९०८–४९’, द जर्नल ऑफ एशियन स्टडीज, ६१ (३), ऑगस्ट २००२, पृ. ९१९–९४७. यातला ६१ हा खंड, कंसातला ३ हा अंक, आणि शेवटचे आकडे पानांचे. पान ९१९ बघून घाबरू नका. वर्षभराच्या अंकांना सलग पृष्ठांक देण्याची पद्धत आहे. तिरप्या अक्षरात जे छापलेलं असतं ते नियतकालिकाचं नाव, अवतरणात असतं ते निबंधाचं. विद्यार्थी नेमके हेच दोन उलटे घेतात.

आता दुसरा संदर्भ बघा. डेव्हिड हार्डिमन यांचं बडोदा संस्थानाच्या रचनेवरचं लिखाण जवळजवळ प्रत्येक संदर्भसूचीत सापडतं, साल १९७८. शीर्षक अवतरणात, त्यामुळे पोरं ते जर्नलांमध्ये शोधत बसतात. सापडणार कसं? ते रॉबिन जेफ्री यांनी संपादित केलेल्या पुस्तकातलं प्रकरण आहे. संदर्भात ‘इन’ असा शब्द आणि संपादकाचं नाव दिसलं की ओळखायचं, हे प्रकरण. मग लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये प्रकरणाचं नाही, पुस्तकाचं नाव घालायचं. कॅटलॉगला सहसा पुस्तकाच्या पोटातली प्रकरणं माहीत नसतात.

तिसरा प्रकार प्रबंधाचा. भारतीय विद्यापीठातली पीएच.डी. असेल तर सरळ ‘शोधगंगा’ उघडा. तिथे प्रबंध प्रकरणवार पीडीएफमध्ये ठेवलेले असतात आणि कुणीही बघू शकतं. माझा अनुभव असा की प्रबंधापेक्षा कधीकधी त्याची संदर्भसूचीच जास्त कामाची निघते. आयती यादी मिळते.

संदर्भाच्या शेवटी ‘डीओआय’ असेल, म्हणजे १०नं सुरू होणारा टिंब-तिरकी रेघ असलेला लांबलचक क्रमांक, तर तो जिवापाड जपा. त्याच्याआधी डीओआय डॉट ओआरजी आणि तिरकी रेघ जोडून ब्राउझरमध्ये घातलं की निबंधाच्या अधिकृत पानावर पोचता येतं. जर्नल विकलं गेलं, वेबसाइट बदलली, तरी हा पत्ता टिकतो. डीओआय माहीत नसेल तर ‘क्रॉसरेफ’च्या शोधपानावर निबंधाचं शीर्षक घाला, क्षणात मिळतो.

तुम्ही कोण आहात हे प्रकाशकाला कसं कळतं

हे एकदा समजलं की निम्मी लढाई संपते. प्रकाशकाला तुमचं ओळखपत्र दिसत नाही. त्याला दिसतो तो तुमच्या इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता. विद्यापीठाच्या जाळ्यातून गेलात तर ‘हे आपलं गिऱ्हाईक’ म्हणून दार उघडतं. घरून गेलात तर तुम्ही रस्त्यावरचे.

आता गंमत बघा. पुष्कळ मुलं लायब्ररीतच बसलेली असतात, पण फोनवर मोबाइल डेटा चालू असतो. देह कॅम्पसमध्ये, जोडणी बाहेरची. मग ‘लायब्ररीतूनसुद्धा उघडत नाही’ अशी तक्रार येते. आधी डेटा बंद करा, विद्यापीठाचं वायफाय लावा, पान पुन्हा उघडा. वरच्या कोपऱ्यात किंवा तळाशी तुमच्या संस्थेचं नाव दिसायला हवं. ते नाव दिसेपर्यंत पीडीएफच्या बटणाला हातही लावू नका.

घरून काम करायचं असेल तर तीन पद्धती असतात, आणि तुमच्या लायब्ररीकडे यातली कोणती आहे ते ग्रंथपालांनाच विचारायचं. एक, प्रॉक्सी: लायब्ररीच्या वेबसाइटवरच्या दुव्यावरून आत जायचं, तुमची विनंती विद्यापीठाच्या पत्त्यावरून पुढे जाते. दोन, व्हीपीएन: लॅपटॉपवर एक छोटं सॉफ्टवेअर घालायचं, मग तुमची जोडणीच विद्यापीठाच्या जाळ्यातून जाते. तीन, संस्थेच्या नावानं लॉगिन. या तिसऱ्यासाठी भारतात ‘इन्फेड’ नावाची व्यवस्था आहे, ती ‘इन्फ्लिबनेट’ हे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारं केंद्र चालवतं. ते आपल्या गांधीनगरलाच आहे.

तिसऱ्या पद्धतीत एक खड्डा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येकजण पडतो. प्रकाशकाच्या पानावर ‘साइन इन’ असतं ते तुमच्या वैयक्तिक खात्याचं. तिथे नाव-पासवर्ड घालून काही मिळत नाही, फार तर जाहिरातींचे मेल सुरू होतात. तुम्हाला हवं असतं ते ‘ॲक्सेस थ्रू युअर इन्स्टिट्यूशन’ किंवा ‘इन्स्टिट्यूशनल लॉगिन’. ते दाबल्यावर यादी येते. फेडरेशन, म्हणजे संस्थांचा लॉगिनगट, विचारलं तर इन्फेड निवडा, मग आपली संस्था शोधा. इथे नावाची वेगवेगळी रूपं घालून बघायची: एखादं विद्यापीठ ‘महाराजा’खाली असतं, एखादं शहराच्या नावाखाली. बरोबर निवड झाली की लॉगिनचं पान तुमच्या संस्थेचं किंवा इन्फेडचं येतं, प्रकाशकाचं नाही. तीच खूण.

याच ओघात ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’बद्दल, म्हणजे देशभरातल्या संस्थांसाठी नियतकालिकांची वर्गणी सरकारनंच एकत्र भरण्याच्या योजनेबद्दल. केंद्रीय मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ला मंजुरी दिली, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, ६,३०० संस्था. अंमलबजावणी इन्फ्लिबनेटकडे. एल्सेव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, सेज, ऑक्सफर्ड, केंब्रिज अशी मोठी नावं त्यात आहेत. केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षणसंस्था त्यात येतात. खाजगी विद्यापीठातल्या मुलांनी मात्र आपली लायब्ररी स्वतः काय घेते ते बघायचं. दोन-तीन वर्षांपूर्वी ‘आपल्याकडे ते नाही’ असं कुणी सांगितलं असेल तर ते उत्तर आता शिळं झालं असण्याची बरीच शक्यता आहे. सीनिअरच्या ऐकीव माहितीवर विसंबू नका.

निबंध शोधू नका, जर्नल शोधा

लायब्ररीच्या वेबसाइटवर ‘ई-जर्नल्स’ किंवा ‘ए टू झेड’ अशी यादी असते. तिथे निबंधाचं नव्हे, नियतकालिकाचं नाव घाला. समोर येईल की हे जर्नल कोणत्या संग्रहातून मिळतं आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत. सगळा खेळ त्या सालांचा आहे.

भाचीचंच उदाहरण चालवू. जर्नल ऑफ एशियन स्टडीज बरीच वर्षं केंब्रिजकडे होतं. २०२३पासून ते ड्यूक युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेलं. जुने खंड ‘जेस्टोर’ या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावरही आहेत. आणि १९४१ ते १९५६ या काळात त्याचं नावच ‘फार ईस्टर्न क्वार्टर्ली’ होतं, तेव्हा त्या काळातला निबंध हवा असेल तर जेस्टोरवर त्या जुन्या नावाखाली बघावं लागतं. म्हणजे एकच जर्नल, तीन दारं, दोन नावं. भाची उभी होती ती पैसे मागणाऱ्या दारात. आम्ही जेस्टोरच्या दारानं गेलो.

उलटही घडतं. जेस्टोरसारख्या संग्रहात कित्येक जर्नलांचे अगदी ताजे अंक नसतात. मागची तीन-पाच वर्षं सोडून त्याआधीचं असतं, आणि दर वर्षी ही भिंत एक वर्ष पुढे सरकते. तेव्हा २००२चा निबंध मिळाला म्हणून गेल्या वर्षीचाही मिळेल, असं धरून चालू नका. नव्यासाठी प्रकाशकाचं दार, जुन्यासाठी संग्रहाचं.

जेस्टोरचं आणखी एक ठाऊक असू द्या. संस्थेचं लॉगिन नसलं तरी स्वतःचं फुकट खातं काढून महिन्याला शंभर निबंध ऑनलाइन वाचता येतात. उतरवून घेता येत नाहीत, पण टिपणं काढायला कोण अडवतं? त्या संध्याकाळी आम्ही हेच केलं. दुसऱ्या दिवशी तिनं लायब्ररीत जाऊन पीडीएफ घेतली.

गुगल स्कॉलर, पण कान पिळून

गुगल स्कॉलर सगळेच वापरतात, सेटिंग कुणी उघडत नाही. डावीकडच्या तीन रेघा, सेटिंग्ज, मग ‘लायब्ररी लिंक्स’. तिथे आपल्या संस्थेचं नाव शोधून खूण करा. पाचपर्यंत लायब्रऱ्या जोडता येतात. संस्थेनं आपली माहिती गुगलला दिलेली असेल तर निकालाच्या उजवीकडे थेट तुमच्या लायब्ररीचा दुवा येऊ लागतो. नाव यादीत नसेल तर सोडून द्या, बाकीचं अडत नाही.

निबंधाचं शीर्षक दुहेरी अवतरणात घालून शोधा. निकालाखाली ‘ऑल व्हर्जन्स’ असं बारीक अक्षरात असतं, ते न चुकता दाबा. पहिल्या ओळीतलं दार बंद असतं आणि सातव्या ओळीत लेखकाच्या विद्यापीठाच्या संग्रहात तोच निबंध मोकळा पडलेला असतो, असं मी कितीदा पाहिलंय.

आता आपल्याकडचं खास दुखणं: स्पेलिंग. बडोद्यावर काम करणाऱ्यानं एकाच स्पेलिंगनं शोधलं तर निम्मं साहित्य हुकतं. गायकवाड हे आडनाव इंग्रजीत किमान तीन तऱ्हांनी येतं. एक सरळ उच्चाराप्रमाणे. दुसरं संस्थानी थाटाचं, ‘ए’नंतर ‘ई’ घातलेलं. आणि ब्रिटिश काळातलं, ज्याच्या शेवटी ‘डी’ऐवजी ‘आर’ असतो. १९००च्या आसपासचे लेख या तिसऱ्या रूपानेच सापडतात. सयाजीराव कधी एक शब्द, कधी दोन. शहराचं नाव १९७४पर्यंत अधिकृतपणे बडोदा, म्हणून जुन्या साहित्यासाठी ‘वडोदरा’ घालून काही हाती लागत नाही. विद्यापीठाच्या नावात तर ते ‘बरोडा’ आजही आहे. एका कागदावर ही सगळी रूपं लिहून ठेवा आणि एकामागून एक चालवा. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही. मराठी संतांवर, पेशवाईवर, ग्वाल्हेर-इंदूरवर काम करणाऱ्यांनाही हेच लागू: शिंदे शोधायचे तर ‘सिंदिया’चीही दोन-तीन स्पेलिंगं आलीच.

‘साइटेड बाय’ हा दुवा वाया घालवू नका. हवा तो निबंध मिळालाच नाही, तर त्याचा आधार घेणारे पुढचे लेख तिथे दिसतात, आणि त्यातल्या एखाद्यात तुमचं काम भागण्याइतका मजकूर उद्धृत केलेला असतो.

मोकळ्या प्रती

ब्राउझरमध्ये ‘अनपेवॉल’ नावाचं फुकट एक्स्टेंशन बसवा. निबंधाच्या पानावर गेलात की बाजूला कुलूप दिसतं. हिरवं आणि उघडं असेल तर कुठेतरी कायदेशीर मोकळी प्रत आहे, दाबा आणि वाचा. अशी प्रत पुष्कळदा लेखकाचं स्वीकृत हस्तलिखित असते: मजकूर तोच, पण छपाईपूर्वीचा, पृष्ठांक वेगळे. वाचायला चालेल. अवतरण देताना पान क्रमांक मात्र छापील आवृत्तीतूनच घ्या, नाहीतर तोंडी परीक्षेत कुणीतरी नेमकं तेच पान उघडतं.

वैद्यकशास्त्रवाल्यांनी ‘पबमेड सेंट्रल’ हा मोफत निबंधांचा संग्रह आधी बघावा. शंभर वर्षांपूर्वीचं काही हवं असेल तर ‘इंटरनेट अर्काइव्ह’ हा जुन्या पुस्तकांचा मोफत ऑनलाइन संग्रह. चोरीच्या संकेतस्थळांबद्दल मला मुलं दबक्या आवाजात विचारतात. ‘साय-हब’विरुद्ध मोठ्या प्रकाशकांनी २०२०मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, तेवढं सांगते आणि पुढे जाते, वरच्या वाटांनी गेलात तर त्याची गरज फार क्वचित पडेल.

काहीच जमलं नाही तर लेखकाला लिहा. लाजू नका, बहुतेकांना बरं वाटतं. पण ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम अ पुअर स्टुडंट’ वगैरे पाल्हाळ नको. विषयाच्या ओळीत निबंधाचं नाव. आत चार वाक्यं: मी अमुक विद्यापीठात अमुक विषयावर काम करते, तुमच्या या निबंधाचा पूर्ण संदर्भ असा, आमच्या लायब्ररीत हा खंड नाही, वैयक्तिक अभ्यासासाठी प्रत पाठवता येईल का. आभार, नाव, संपलं. शक्यतो विद्यापीठाच्या ईमेलवरून पाठवा. दहा दिवसांनी एकदा आठवण, त्यानंतर नाही.

कागदावरचं आणि माणसांकडचं

पडद्यावर नाही म्हणजे जगात नाही, असं नव्या पोरांना वाटतं. इथल्या प्राच्यविद्या मंदिराचं (ओरिएंटल इन्स्टिट्यूटचं) जर्नल १९५१पासून निघतंय. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकातले जुने मराठी लेख कुठल्या डीओआयच्या भानगडीत नाहीत. मराठीतलं बहुतेक संशोधन असंच आहे: बांधीव खंडांत, जाड पुठ्ठ्यात, पाठीवर सोनेरी अक्षरात साल. आमच्या विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात अशा खंडांपुढे उभं राहिलात तर आधी पाठीवरचं साल आणि खंड क्रमांक जुळवा, मग शेवटी किंवा सुरुवातीला बांधलेली वार्षिक सूची उघडा. सूची नसेल तर सलग पृष्ठांकाचा उपयोग इथे होतो: पान ४१२ सरळ उघडायचं, अंक शोधत बसायचं नाही. फोटो काढण्याआधी विचारा. आणि पहिला फोटो मुखपृष्ठाचा. घरी आल्यावर ‘हे कोणत्या अंकातलं?’ म्हणून रडायची वेळ येत नाही.

आपल्याकडे नसेल तर दुसऱ्या कुणाकडे आहे का ते इन्फ्लिबनेटच्या ‘इंडकॅट’ या संयुक्त सूचीत बघता येतं. तुमची लायब्ररी ‘डेलनेट’ या ग्रंथालयांच्या जाळ्याची सभासद असेल तर तिच्यामार्फत बाहेरच्या लायब्ररीतून लेखाची प्रत मागवता येते. ही मागणी तुम्ही परस्पर करायची नसते, ग्रंथपालांमार्फत करायची. आठवडा-दोन आठवडे हाताशी ठेवा.

ग्रंथपालांकडे जाताना ‘मॅडम, आर्टिकल मिळत नाही’ एवढंच म्हणून उभं राहू नका. पूर्ण संदर्भ छापून न्या, त्याखाली लिहा: कुठे कुठे शोधलं, कोणत्या पानावर काय संदेश आला, कॅम्पसवरून की घरून. संदेशाचा स्क्रीनशॉट असेल तर फारच छान. कॅम्पसवरूनही दार उघडत नसेल तर कधीकधी वर्गणी चालू असूनही प्रकाशकाच्या बाजूला आयपीची नोंद चुकलेली असते. ते ग्रंथपालांच्या एका मेलनं सुधारतं, पण कुणी सांगितलं तर.

आणि इथे जरा बडोदेकर म्हणून मिरवते. सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना ग्रंथालयांसाठी बोलावलं, दुसऱ्या वर्षी इथे ग्रंथपालनाचा वर्ग सुरू झाला, आणि लाकडी पेट्यांत भरून पुस्तकं खेडोपाडी फिरू लागली. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत काचेची जमीन आहे, खालच्या कपाटांपर्यंत उजेड पोचावा म्हणून. ज्या गावात वाचकापर्यंत उजेड नेण्याचा इतका विचार झाला, तिथल्या पोरीनं काउंटरवर जाऊन विचारायला लाजावं, याचा मला खरंच राग येतो.

मिळाल्यावर

एका वेळी लागतं तेवढंच उतरवा. माझ्या ओळखीच्या एका संस्थेत कुणा हुशारानं रात्रभर सॉफ्टवेअर लावून एका जर्नलचे खंडच्या खंड ओढले. प्रकाशकाच्या यंत्रणेनं सगळा कॅम्पस चार दिवस बंद ठेवला, तेही प्रबंध द्यायच्या आठवड्यात. कुणी केलं ते कधीच कळलं नाही. शिव्या मात्र सगळ्यांनी खाल्ल्या.

फाइलला लगेच नाव द्या: आडनाव, साल, दोन शब्द. ‘डाउनलोड (१४)’ या नावाची पीडीएफ पुन्हा कुणालाही सापडलेली नाही. ‘झोटेरो’ हे फुकट सॉफ्टवेअर वापरलंत तर संदर्भ आणि पीडीएफ एकत्र राहतात, शिवाय शेवटी सूची आपोआप तयार होते. त्यानं दिलेली सूची डोळे मिटून चिकटवू नका. मराठी नावांचे आडनाव-नाव ते हटकून उलटसुलट करतं.

भाचीनं त्या रात्री एकोणतीस पानं वाचली आणि साडेअकराला फोन केला. ‘‘आत्या, तळटिपेत बडोदा संस्थानाच्या दफ्तरातल्या फायली आहेत. त्या कुठल्या वेबसाइटवर मिळतील?’’ मी म्हटलं, ‘‘त्यांना वेबसाइट नको, ओळखपत्र आणि मार्गदर्शकांचं पत्र घे. सकाळी दफ्तर उघडायच्या वेळेला ये, मी दारात असेन.’’